जन्मानं गुन्हेगार: एका कायद्याचा आणि त्यामागच्या पूर्वग्रहाचा इतिहास



आजच्या विषयाची सुरुवात मी वर्तमानपत्रातल्या मथळ्यापासून करणार आहे. 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले', या धर्तीचा मथळा आपण महिन्यातून दोन-चार वेळा तरी वाचतो आणि पान उलटतो. भामटा म्हणजे लबाड, फसवणारा, चोर. अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. आता दुसरा एक कागद घ्या. महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची यादी. तीत चौदा नावं आहेत: बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद. म्हणजे जो शब्द आपण चोराला शिवी म्हणून वापरतो, तो माणसांच्या एका समाजाचं नाव आहे. त्या समाजातली मुलगी शाळेत जाते, वर्तमानपत्र वाचते, आणि तो मथळा तिलाही वाचता येतो.

'विमुक्त' म्हणजे मुक्त झालेले. कशातून मुक्त झालेले? तो प्रश्न विचारला की आपण १८७१ सालापाशी येतो. तिथे जाण्याआधी दोन शब्दांचा फरक स्पष्ट करून घेऊ. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे व्याख्या केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हे आपण चालवून घ्या.

पूर्वग्रह म्हणजे आधीच करून घेतलेला ग्रह. समोरच्या माणसाला पाहण्याआधी, त्याचं ऐकण्याआधी मनात तयार असलेला निकाल. भेदभाव ही कृती आहे. त्या निकालाप्रमाणे वागणं, म्हणजे काम न देणं, घर न देणं, पाणी न देणं. आपली नेहमीची समजूत अशी असते की आधी मनात पूर्वग्रह येतो, त्यातून भेदभाव होतो आणि त्यातून सामाजिक प्रश्न निर्माण होतात. हे खरं आहे, पण अपुरं आहे. साखळी तिथे संपत नाही. निर्माण झालेला प्रश्न परत फिरून पूर्वग्रहाचा पुरावा बनतो. 'बघा, आम्ही म्हणतच होतो.' साखळीचं वर्तुळ होतं. आज मला हे वर्तुळ एका कायद्याच्या आधाराने दाखवायचं आहे, कारण कायद्यात ते कलमवार लिहून ठेवलेलं सापडतं.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट', म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा संमत झाला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांना लागू होता. १९११ साली त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई व मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले. १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करून लिहिला गेला. मूळ कल्पना सोपी होती. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गंभीर गुन्हे करतो असं सरकारला वाटलं, तर सरकारने ती जमात अधिसूचनेने गुन्हेगार म्हणून जाहीर करायची. मग त्या जमातीतल्या माणसांची नोंदवही करायची. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर पास घ्यायचा. पासाशिवाय बाहेर सापडला तर तो गुन्हा. सरकारला वाटलं तर अख्खी जमात उचलून ठरावीक वसाहतीत ठेवता येत होती. मुलांना आई-वडिलांपासून वेगळं करण्याची सोयही पुढे कायद्यात झाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही अधिसूचना योग्य की अयोग्य, हा प्रश्न कुठल्याही न्यायालयाला विचारता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलं होतं.

आता त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य कोण होते ते पाहा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. विधिज्ञ आणि विचारवंत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते वेगळ्या कारणाने माहीत असतात: जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविचाराचं खंडन करणारा 'लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी' हा १८७३चा ग्रंथ त्यांचा. गुन्हेगार जमाती कायदा त्यांच्या कारकिर्दीत झाला. त्यानंतर पाचच महिन्यांनी, मार्च १८७२ मध्ये, भारतीय पुरावा कायदा झाला. त्याचा मसुदा स्टीफन यांचाच. आमच्या वकील मित्रांना तो कायदा तोंडपाठ असायचा, कारण तो दीडशे वर्षं चालला.

त्या पुरावा कायद्यात एक सुंदर तत्त्व आहे. फौजदारी खटल्यात आरोपी वाईट चारित्र्याचा आहे ही गोष्ट अप्रस्तुत मानायची. त्याने स्वतःच आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला, तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणजे गावात तुमची बदनामी असेल, लोक तुम्हाला नावं ठेवत असतील, तरी न्यायाधीशाने एवढंच बघायचं की ही चोरी तुम्ही केली का. किती शहाणपणाचा नियम आहे हा! पण त्याच हयातीत, त्याच खुर्चीच्या काळात, दुसऱ्या एका कायद्याने लाखो माणसांना सांगितलं की तुम्ही काय केलंत हे आम्ही बघणार नाही, तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात ते बघू. एका माणसाची वैयक्तिक बदनामी हा पुरावा नाही, पण जमातीची बदनामी हा पुरावा आहे! आणि त्यावर अपील नाही.

हे इंग्रजांच्या मायदेशातही चालू होतं का? काही अंशी होतं. १८६९ साली इंग्लंडमध्ये सराईत गुन्हेगारांवर पाळत ठेवण्याचा कायदा झाला होता. पण तो लागू होता न्यायालयात गुन्हा शाबित झालेल्या व्यक्तीला. हिंदुस्थानात आल्यावर 'शाबित झालेला गुन्हा' या अटीच्या जागी 'जन्म' ही अट बसली. हा बदल कसा झाला? कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद होता की या देशात धंदा जातीने ठरतो. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तर चोराचा मुलगा चोरच होणार. चोरी हा त्याचा धर्म आहे, तो सुधारणार नाही.

इथे आपल्याला थोडं अस्वस्थ व्हायला हवं. युक्तिवाद इंग्रजांचा असला, तरी त्याचं पहिलं विधान आपल्याकडून घेतलेलं आहे. माणसाचे गुण आणि कर्म जन्माने ठरतात, हे आपणच शतकानुशतकं सांगत आलो. साहेबाने त्यात फक्त एक धंदा वाढवला. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे १९१५ सालचं पुस्तक आपल्या ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासातलं मोलाचं पुस्तक आहे, मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगत असे. पण त्यात फिरस्त्या जमातींविषयी जे आलंय ते वाचताना लक्षात येतं की लेखक गावाच्या आत उभा राहून बाहेर बघतोय. फिरस्ता म्हणजे गावावरचा भार, हीच नजर. तेव्हा दोष सगळा साहेबाच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

बरं, ही माणसं मुळात करत काय होती? बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. फौजांना रसद तेच पुरवत. वडार दगड फोडत, विहिरी खणत, मातीकाम करत. कैकाडी टोपल्या, कणग्या विणत. पारधी शिकार करत. आणि रामोशी, बेरड? ते कित्येक गावांत राखणदार होते! ज्याच्या भरवशावर गाव रात्री झोपत होतं, त्याचंच नाव पुढे गुन्हेगारांच्या यादीत आलं.

मग बदललं काय? १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत लोहमार्ग देशभर पसरले. बैलाच्या पाठीवरचा माल वाघिणीत गेला. १८७८च्या वन कायद्याने जंगल सरकारच्या ताब्यात गेलं आणि शिकार करणारा एका रात्रीत चोर ठरला. नव्या पोलीस व्यवस्थेत गावच्या राखणदाराचं जुनं महत्त्व उरलं नाही. शिवाय महसुलावर चालणाऱ्या राज्याला माणूस एका जागी बसलेला हवा असतो. त्याचं नाव, गाव, सर्व्हे नंबर, सारा. जो आज इथे आणि उद्या तिथे, त्याला कुठल्या रकान्यात लिहायचं? हिशेबात न बसणारा माणूस संशयास्पद वाटतो. म्हणजे आधी पोट काढून घेतलं आणि मग उपाशी माणसाची भीती वाटू लागली.

आता वर्तुळ कसं फिरतं ते पाहू. फिरणं हाच ज्याचा धंदा, त्याच्यावर हजेरी आणि पास लादला की धंदा बसतो. कामाला कोण ठेवणार? नाव तर पोलिसांच्या वहीत आहे. जवळपास चोरी झाली की पहिली धाड पालावर. त्यातल्या काहींना शिक्षा होते. शिक्षा झाली की त्या जमातीच्या नावापुढे एक आकडा वाढतो. आणि यात एक गोम आहे. हजेरी चुकवणं हाच गुन्हा होता. आजारी बहिणीला भेटायला पासाशिवाय शेजारच्या गावी गेलेली बाई गुन्हेगार ठरत होती. वर्षाअखेरीला गुन्ह्यांची संख्या बघून अधिकारी म्हणणार, ही जमात गुन्हेगार आहेच, कायदा अजून कडक करा.

न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. 'अ' सिद्ध करायला 'ब'चा आधार आणि 'ब' सिद्ध करायला 'अ'चा. हे गुन्हेगार का? कारण यांच्यावर पाळत ठेवावी लागते. पाळत का ठेवावी लागते? कारण हे गुन्हेगार आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली एका निबंधात हीच गोष्ट बँकेच्या दाखल्याने समजावली. बँक चांगली चालली आहे. अफवा उठते की ती बुडणार. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखरच बुडते. मूळ विधान खोटं होतं, लोकांनी ते खरं मानलं म्हणून खरं झालं. फरक एवढाच की बँकेची अफवा काही दिवसांत विरते. इथे अफवेची नोंदवही केली आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारला.

मुंबई इलाख्यात या कायद्याखाली ज्या वसाहती झाल्या, त्यांतली सोलापूरची प्रसिद्ध आहे. सोलापूरकर आजही त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणतात. बाहेर जायला परवानगी, परत येऊन हजेरी, आणि काम कापडगिरण्यांत. याला नाव काय होतं? सुधारणा. चालवणाऱ्यांतले काही जण मनापासून मानत होते की आपण या लोकांचं भलं करतोय, आणि तिथे शाळा होती, रोजगार होता, हेही खरं. पण ज्याच्या दारावर पहारा आहे त्याच्या मजुरीला रोजगार म्हणायचं का, हा प्रश्न राहतोच. पूर्वग्रह नेहमी दात-ओठ खात येत नाही, पुष्कळदा तो डोक्यावरून हात फिरवत येतो.

इथे सभागृहातून नेहमी एक प्रश्न येतो, म्हणून आधीच घेतो. 'सर, पण त्यांच्यातले काही जण चोऱ्या करत होतेच ना?' होय, करत होते. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी ते लपवलेलं नाही. खिसे कापणं शिकवलं जाई, त्यासाठी मार खाण्याची सवय लावली जाई, हे सगळं त्यात आहे. त्याआधी १९८० मध्ये लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने कैकाडी समाजाचं जगणं मांडलं. ही पुस्तकं वाचली की प्रश्न उलटा होतो. दुसरं काय करण्याची वाट त्यांना मोकळी ठेवली होती? आणि चोर कुठल्या समाजात नाहीत? बँका बुडवणारे, भेसळ करणारे, लाच घेणारे आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या जातीची नोंदवही कुठल्या पोलीस ठाण्यात आहे का? त्यांनी केलं तर ते 'एका व्यक्तीचं कृत्य' असतं. यांनी केलं तर ते 'जमातीचा स्वभाव' होतं. भेदभाव ओळखायची सोपी खूण हवी असेल तर ही घ्या: चूक व्यक्तीच्या खात्यावर लिहिली जाते की समाजाच्या?

१९३६ साली पंडित नेहरूंनी नेल्लोरला या कायद्यावर कडक टीका केली होती. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीने तो रद्द करण्याची शिफारस केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो गेला. तो दिवस हे समाज विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. यांना आणखी पाच वर्षं थांबावं लागलं.

कायदा गेला. वर्तुळ थांबलं का? एक आठवण सांगतो, माझ्या घरातली आहे. कायदा रद्द होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, मी नऊ-दहा वर्षांचा होतो. गावाबाहेर ओढ्याकाठी दोन पालं पडली होती. आमच्या परसातला तांब्याचा हंडा दिसेना. कुणी चौकशी केली नाही, कुणी काही पाहिलं नव्हतं. माणसं काठ्या घेऊन थेट पालांकडे गेली. एका म्हाताऱ्याला मारलं. माझे काका त्यांत होते. दुसऱ्या दिवशी पालं उठली. पंधरा दिवसांनी आत्याच्या गावाहून हंडा परत आला. लग्नाच्या पाण्याला म्हणून आजीनेच धाडला होता, सांगायचं राहून गेलं. घरात त्यावर कुणी बोललं नाही. मला आजही टोचतं ते हेच, की त्यांच्यापैकी कुणी वाईट माणूस नव्हता. काका तर मुंगीलाही न मारणारे.

तुम्ही म्हणाल, ती साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. मग अलीकडची घेऊ. २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सर्वांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांच्यावर खटलाच भरला गेला नव्हता. आरोपी भटक्या जमातीतले, गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने नमूद केलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. जवळजवळ सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली बरीच फाशीच्या छायेत.

या सहा जणांवर झालेला अन्याय उघड आहे. पण आणखी एक अन्याय आहे, त्याकडे लक्ष जात नाही. ज्या कुटुंबातली माणसं मारली गेली, त्यांना काय मिळालं? खरे गुन्हेगार त्या सोळा वर्षांत कुठे होते? भेदभाव ही फक्त दुर्बळांची अडचण आहे असं समजू नका. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा माणूस बाहेर असतो, तुमच्या-माझ्या शेजारीसुद्धा. माझ्या काकांनी त्या दिवशी हंडा शोधलाच नाही, कारण तो कुठे आहे हे त्यांना 'माहीत' होतं. पूर्वग्रहामुळे शोधाची गरजच वाटेनाशी होते.

दुसरं उदाहरण साधं, कागदाचं आहे. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आता विचार करा. ज्यांना कुठल्या गावाने टिकू दिलं नाही, ज्यांच्या आजोबांच्या पालाला पत्ता नव्हता, त्यांनी १९६१च्या आधीचा पत्ता आणायचा कुठून? हा नियम करणाऱ्याच्या मनात द्वेष नसेलही. पण दाखला नाही म्हणून सवलत नाही, शिक्षण अर्धवट, नोकरी नाही, आणि मग आपण म्हणणार, 'यांना सवलती देऊनही सुधारत नाहीत.' वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं.

मग ते तोडायचं कुठे? आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: मनं बदलली पाहिजेत. बदलावीत, माझा विरोध नाही. पण मनं बदलेपर्यंत थांबलो तर पालावरच्या मुलाच्या तीन पिढ्या जातात. मला वाटतं, वर्तुळ कृतीच्या ठिकाणी तोडणं सोपं आहे, मन मागाहून येतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीवर आधारित कामवाटपाचे नियम रद्द केले, तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये याची काळजी घ्यायला पोलिसांना बजावलं. रकाना काढणं ही लहान गोष्ट वाटते. पण सगळं रकान्यातूनच सुरू झालं होतं, हे आपण आत्ता पाहिलं.

आपल्या हातातलंही काही आहे. पत्रकार मित्र ऐकत असतील तर त्यांना विनंती: चोराला चोर म्हणा, ठकाला ठक म्हणा. मराठीत शब्दांची वाण नाही, भामटा हा शब्द त्या समाजाला परत देऊन टाका. सोसायटीत, गावात काही हरवलं आणि कुणी बाहेर बोट दाखवलं, तर एवढंच विचारा: 'कुणी पाहिलं का?' हा स्टीफनसाहेबांच्याच पुरावा कायद्यातला प्रश्न आहे. तो सर्वांना सारखा लावायचा, एवढंच करायचं आहे. त्या दिवशी आमच्या परसात तो एकानेही विचारला नाही. मीही विचारला नाही. लहान होतो ही सबब आहे, पण आजीला विचारता आलं असतं.

इथे थांबतो. आपले प्रश्न घेऊ.